खोकल्याची दुरुस्ती

रविवार, ३ तारीख

पोचले एकदाची! मी, एक ट्रंक, दोन पिशव्या आणि बाबांची हत्यारांची पेटी, सगळे धडधाकट. पेटी सगळा प्रवास मांडीवर धरून आणली. शेजारी बसलेल्या बाईंनी दोनदा विचारलं की अंडी आहेत का आत.

खोली छान आहे. कारखान्याच्या पाठभिंतीला लागून कामगारांच्या खोल्या आहेत, दुमजली. मला वरच्या मजल्यावरच्या दोन मिळाल्या. पुढच्या खोलीला मोठी खिडकी, मागे ओटा, नळ, आणि नळाला चक्क पाणी! एका कोपऱ्यात लेकीची, चिमणीची खाट मावेल, वितीने मोजून बघितलं. नवी विटी, नवं राज्य.

ही वही ताईने दिली. म्हणाली, तुला बोलल्यावाचून राहवत नाही आणि तिथे ओळखीचं कुत्रंही नाही, तेव्हा भिंतीशी बोलण्यापेक्षा यात लिहीत जा. थोरल्या बहिणीचं ऐकावं लागतं. चिमणी सध्या तिच्याकडेच आहे. इथलं जरा बस्तान बसलं की ताई तिला आणून सोडणार. सात वर्षांची पोर, मी निघाले तेव्हा इतकी रडली की उचकी लागली. तिचं पहिल्यापासून असंच, रडू थांबतं पण उचकी थांबत नाही. तिच्या बापाचा विषय या वहीत काढायचा नाही असं आत्ताच ठरवून टाकलंय.

एकच खोट. भिंतीपलीकडे काहीतरी सारखं आदळत असतं. धड, धडधड, मग बराच वेळ काहीच नाही, आणि आपण जरा टेकावं तोच धाडकन! ओट्यावरचे कप किणकिणतात. शेजारची बाई किल्ली द्यायला आली होती, घड्याळांच्या पेट्यांना पॉलिश करते ती. तिला विचारलं तर म्हणाली की तो खोकला, होईल सवय. चहाला थांब म्हटलं तर थांबली नाही.

मंगळवार, ५ तारीख

कामावर रुजू. आमचा कारखाना लंबकाच्या घड्याळांचा आणि मी चाचणी खोलीत. लाकडी भिंतीवर छतापर्यंत घड्याळं, प्रत्येकाचा लंबक आपल्याच तंद्रीत. आत शिरलं की पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज. मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं.

फोरमनकाकांनी काम दाखवलं. सत्तरी ओलांडलेले, बारीक, चार पावलं चालले की थांबून छातीवर हात ठेवतात. म्हणाले की एका भिंतीवर घड्याळं टांगली की लंबक भिंतीतून एकमेकांना हळूच ढकलतात आणि चार दिवसांत सगळे एका तालात झुलायला लागतात. हे मी बाबांच्या दुकानात लहानपणीच पाहिलंय. गिऱ्हाइकांना त्याची भारी गंमत वाटायची. पण चाचणीत ती गंमत नसते. खोट असलेलं घड्याळ शेजाऱ्यांच्या आधाराने चालत राहतं, पास होतं, आणि कोणाच्या घरी एकटं पडलं की बसतं रुसून. म्हणून खोकला. मागच्या कोठडीत दगडगोटे भरलेलं एक लोखंडी पिंप मोटरवर फिरतं. त्याने भिंत हादरते आणि घड्याळांची संगत जमत नाही. काकांनी एवढंच सांगितलं. आणि बजावलं की तो कधीही बंद पडू द्यायचा नाही, माणूस मेलं तरी.

मी कोठडीत डोकावले. काय ती दशा! दांडा वाकडा, बेअरिंग झिजलेलं, दगड कुठलेही, एक नारळाएवढा तर एक सुपारीएवढा. घड्याळांच्या कारखान्यात असलं यंत्र! बाबा असते तर कपाळाला हात लावला असता.

शुक्रवार, ८ तारीख

इथली माणसं वाईट नाहीत, पण कुणाचा कुणाला पायपोस नाही. जेवायला प्रत्येक जण वेगळ्या वेळी, वेगळ्या कोपऱ्यात. कारखान्याच्या अंगणातून दोघं शेजारी चालायला लागले की तिसरा ओरडतो, पाऊल मोडा! मग एक जण मुद्दाम अडखळल्यासारखं करतो. काम करताना गाणं म्हणायचं नाही. काल मी पेचकस फिरवताना सहज गुणगुणले तर पॉलिशवालीने हातातला डबा दाणकन खाली टाकला. कारण विचारलं की एकच उत्तर, इथली पद्धत आहे.

पाच दिवसांत माझ्याशी कोणी मिनिटभर बसून बोललेलं नाही. संध्याकाळी खोलीवर आलं की घर खायला उठतं. काल बटाटे चिरताना मी बटाट्यांना दिवसभराचं सगळं सांगितलं. हसू आलं आणि मग रडूही आलं, ते इथे लिहायला काय हरकत आहे.

फोरमनकाका आजारी पडलेत, हृदयाचं दुखणं. माझ्या बरोब्बर खालची खोली त्यांची. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले मोठ्या इस्पितळात हलवा. काका नाही म्हणतात. बायको-मुलं कोणी नाही.

ताईचा फोन आला. चिमणीला दिवसभर उचक्या लागतायत म्हणे. ताई म्हणाली की तू सारखी आठवण काढतेस तिची, जरा कमी काढ, पोर बेजार झालीय. मी म्हटलं की जमणार नाही. मग चिमणी स्वतः बोलली, तिला इथे झोप लागेल का विचारत होती. सुई पडली तरी जागी होणारी पोर ती. तिकडे फोनवर उचकी, इकडे खोकला. मी थाप मारली की इथे एकदम शांत आहे.

रविवार, १० तारीख

सुट्टी. हात नुसते शिवशिवत होते. शेवटी पेटी घेतली आणि गेले कोठडीत.

बंद पाडायचा नाही हे मला मान्यच आहे. भिंत हादरायला हवी, हादरेल. पण नीट हादरू दे की! वाकडा दांडा ठोकून सरळ केला. बेअरिंग नवं घातलं. दगड सगळे काढून कुंपणापलीकडच्या नाल्यात टाकले आणि भंगारातल्या लोखंडी गोळ्या भरल्या, सगळ्या एका मापाच्या. जेमतेम दुपारभर मोटर बंद होती. मग चालू केली. धप. धप. धप. मऊ, गोल, तुपासारखा आवाज. बाबांची लेक आहे मी!

कोणाला सांगितलं नाही. कळेल तेव्हा कळेल. आज चिमणी इथे असती तर गाढ झोपली असती.

मंगळवार, १२ तारीख

किती दिवसांनी अशी झोप लागली! सकाळी पॉलिशवाली आपण होऊन दारात आली, चहा घेऊन. बसली. तिच्या आईचं आजारपण, धाकट्या दिराची लग्नं जमून मोडणं, सगळं सांगितलं. निघताना म्हणाली की दोन दिवस कसं हलकं हलकं वाटतंय, का कोण जाणे. का ते मला माहीत आहे. पण मी आपली मांजरासारखी डोळे मिटून बसले.

कामावरही तेच. आज पहिल्यांदा सगळे एका टेबलाशी जेवले. मला जागा करून दिली.

गुरुवार, १४ तारीख

मी सुखात आहे. हे वाक्य लिहून बरीच वर्षं झाली.

जेवताना मी घड्याळाला सर्दी झाल्याचा बाबांचा विनोद सांगितला. सगळे हसले आणि सगळे एकदम थांबले. थांबणं असं की चाकूने कापावं. मग सगळ्यांनी कप उचलले, सगळ्यांनी ठेवले. टक. एकच आवाज झाला. मला वाटलं योगायोग.

चाचणी खोलीतली घड्याळं एका तालात झुलतायत. यायला नको होती. मी एक मधलं थांबवून वेगळं सुरू केलं, दुपारपर्यंत ते पुन्हा ओळीत आलं. म्हणजे माझं दुरुस्त केलेलं पिंप नीट हादरवत नाही की काय? काकांना विचारायला हवं. पण ते झोपून असतात. आणि खरं सांगू, ती भिंत बघत उभं राहायला फार बरं वाटतं. कोणी एकटं नाही तिथे.

शनिवार, १६ तारीख

चिमणी आली! एक दात पाडून आली आहे, तो कागदात बांधून माझ्यासाठी आणलाय. ताई लगेच परत गेली, तिला इथे गरगरल्यासारखं होत होतं. म्हणाली, ही भिंत काय छातीत वाजते का गं? मी म्हटलं की तुला प्रवास बाधला.

चिमणी खाटेवर पडली ती झोपलीच. सुई काय, भांडं पडलं तरी हलली नाही. जीव भांड्यात पडला माझा.

रविवार, १७ तारीख

सकाळी ती उठायच्या आधी तिच्याकडे बघत बसले होते. माझा श्वास आणि तिचा श्वास बरोबर चाललाय असं वाटलं. मी मुद्दाम माझा रोखला.

भिंतीला कान लावला. पॉलिशवाली पलीकडे झोपली होती. तिचाही तोच.

दुपारी चिमणी अंगणात दोरीवर उड्या मारत होती. ओट्यावर बसलेल्या बायकांचे पाय हलत होते. वरच्या खिडकीत कोणी गालिचा झटकत होतं. सगळं एकाच ठेक्यात. चिमणी पडली. गुडघा फुटला, रक्त आलं. मी धावले. आणि ती रडली नाही. उठली आणि पुढची उडी मारली. बरोब्बर ठेक्यावर. माझी चिमणी, जिला मुंगी चावली तर आख्खी गल्ली गोळा होते!

सोमवार, १८ तारीख

कारखान्यातली घड्याळं फोनवरच्या वेळेच्या मागे पडलीत. एखाददुसरं नाही. सगळी, आणि सारखीच. कोणाला काही वाटत नाही. मी सांगितलं तर सगळे माझ्याकडे बघून हसले. हसले आणि थांबले.

पिंपही हळू झालंय. मोटर तपासली, ठीक आहे. तरी हळू.

काकांनी बोलावलं. उशाशी बसवून पहिला प्रश्न, खोकला कोणी बरा केला? मी सांगितलं, मी. त्यांनी डोळे मिटले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मग म्हणाले की घड्याळांसाठी तो होताच, पण आमच्यासाठी जास्त होता. जुन्या इमारतीत खोकला नव्हता. लोक वर्षानुवर्षं त्या भिंतीपाशी बसले, आणि घड्याळांचं जे होतं ते त्यांचंही झालं. श्वास, पाऊल, शेवटी छातीतला ठोका. फार गोडीगुलाबीचे दिवस होते म्हणे. मग एका दुपारी घड्याळांना चावी देणाऱ्या म्हाताऱ्याचं हृदय थांबलं. त्याच्याबरोबर खोलीभर माणसं थांबली. एक जण सुट्टी घेऊन नदीपार घरी गेला होता, तो तिथेच उंबऱ्यावर. काका तेवढे उरले, कारण त्यांना थंडी वाजून ताप भरला होता, दातावर दात आपटत होते, अंग वेडंवाकडं कापत होतं. त्यांची संगतच जमली नाही.

म्हणून वाकडा दांडा. म्हणून लहानमोठे दगड. नुसता धक्का नको होता, वेडावाकडा हवा होता. माझा एकसारखा धक्का म्हणजे तर टाळ्या वाजवून सगळ्यांना ताल शिकवणं. लोकांना नीट सांगितलं तर घाबरून कोणी राहणार नाही, म्हणून काकांनी नुसती पद्धत घालून दिली.

आणि आता ज्याचं हृदय सगळ्यांत आजारी आहे ते म्हणजे काका. माझ्या बरोब्बर खाली. मी त्यांची नाडी धरली. मग माझी.

काका म्हणाले, पोरीला आधी काढ.

मंगळवार, १९ तारीख

पिंपात दगड भरले, हाताला येतील ते. धप. धप. ते तसंच फिरतंय.

दांडा वाकवायला घेतला. माझा हातोडा एकसारखा पडतो. एकसारखे घाव, दांडा सरळ तो सरळच. चुकायचं म्हटलं तरी हात चुकत नाही. बाकीचे येऊन उभे राहिले, मदत करू म्हणाले. त्यांनीही हातोडे उचलले. एकदम.

पातेलं बडवलं. पलीकडे पॉलिशवालीने बडवलं. खाली कोणीतरी. तोच ठेका. मी थांबले, ते थांबले.

गार पाण्याने आंघोळ केली, कापरं भरावं म्हणून. भरलं. ठेक्यात भरलं.

काल चिमणीला घेऊन फाटकाबाहेर गेले होते, बाजारापर्यंत. उपयोग नाही. तिचा हात माझ्या हातात आणि तिची पावलं माझ्यासारखी. तिला ताल देणारी मीच. मी बरोबर असेन तिथे भिंत बरोबर असेल.

ताईला फोन केला. उद्या ये, फाटकाच्या आत पाऊल टाकू नकोस, काही विचारू नकोस. ताईने तरी विचारलंच. मी म्हटलं, तुझे पाय धरते.

बुधवार, २० तारीख

सकाळी काकांचे ओठ निळे. ठोके फार लांब लांब. माझेही. जिना चढताना मध्येच बसावं लागतं. पॉलिशवाली दारात बसून हसते आहे, हातातलं पॉलिशचं फडकं तसंच.

चिमणी सावकाश बोलते. एकेक शब्द, ठोक्यावर. आई. भूक. नाही. मला.

ताई फाटकाशी आली. चिमणी शहाण्यासारखी तिच्याकडे निघाली. शांत. तशी गेली असती तर नदीपारच्या त्या माणसासारखं — लिहवत नाही.

तिला रडवायला हवं होतं. तिच्यासारखं, वेड्यासारखं. गुडघा फुटून रडली नाही. मग कशाने रडेल ते मला माहीत होतं. आईलाच माहीत असतं ते.

मी तिला सांगितलं की मला तू नको आहेस. म्हटलं की तू आल्यापासून माझा सगळा त्रास वाढलाय. पुन्हा येऊ नकोस, मी तुझी आठवणसुद्धा काढणार नाही. आणि तिचा तो दात, कागदातला, तिच्या देखत भिरकावला.

ती बघत राहिली. एक ठोका. दुसरा. मग तोंड वाकडं झालं आणि — असा आवाज! छातीतून, कसाही, तुटका. ताईने मला शिव्या दिल्या. सख्खी बहीण, पण असल्या शिव्या मी तिच्या तोंडून कधी ऐकल्या नव्हत्या. पोरीला कडेवर घेऊन ती गेली. वळणावर मला ऐकू आली —

उचकी. मग लगेच दुसरी. मग बराच वेळ नाही. मग तिसरी.

नीट नाही. अजिबात नीट नाही. माझी गुणी बाय.

दात शोधला गवतात. सापडला. मुठीत आहे.

बुधवार, दुपार

काकांपाशी बसलेय. कोणीतरी बसायला हवं. ते म्हणाले, गेली का? मी म्हटलं, गेली. ते म्हणाले, मग मी फार वेळ नाही ओढत. मी म्हटलं, ओढा. अजून थोडं. बस लांब जाऊ दे.

इमारत गप्प आहे. कोणी घाबरलेलं नाही. मीच एकटी. सगळ्यांच्यात बसून मी एकटी — आणि बरं वाटतंय त्याचं, आज.

ताईचा फोन. बसमधून. अजून चिडलेली. म्हणाली की पोरीच्या उचक्या थांबत नाहीत, पाणी पाजलं, साखर दिली, पाठ चोळली. बसमधले लोक वळून बघतायत. म्हणाली की एवढं तोडून बोललीस ना, मग आता कशाला काढतेस तिची आठवण? पुरे कर!

नाही करणार. ताई, नाही करणार पुरे.

काकांची नाडी — एक.

चिमणे, मी आठवण काढतेय तुझी. ऐकतेस ना. तुझा तो लाल स्वेटर, बटण चुकीच्या काजात. तू ताईच्या दारात रडलीस ते. तू जन्मलीस तेव्हा उशिरा रडलीस, सगळे घाबरलो. काकडीला ककाडी म्हणायचीस —

एक.

उलटीसुलटी काढते. क्रमाने नको. शाळेचा पहिला दिवस. नाही, त्याआधी, टपात बसून साबण खाल्लास. परवा दोरीवरून — नाही, परवाचं नको. तुझं नाक. तुझं खोटं खोटं झोपणं. मी म्हटलं ते खरं नाही गं चिमणे, एक अक्षर खरं नाही, मला तूच हवीस, तूच —

काका माझ्याकडे बघतायत. मान हलवली —

उचकी दे बाळा. दे. मी काढतेय. तुझा दात माझ्या मुठीत, तुझे केस, तुझा वास, पावसात भिजून आलीस तेव्हा म्हणालीस की आई मी